नत्थुजीनं न मोडलेली काडी

माह्या भावाले लोकं येडा म्हनत, अन् मी त्यायच्याशी भांडे. घरी येऊन मंग मीच त्याले येडा म्हने. नत्थुजी त्याचं नाव. वलगावले पेढी नदीच्या काठी आमचा मळा, जातीचे माळी आमी. मी मनकर्णा, त्याची मोठी बहीन. नवरा मेल्यावर माहेरी आली ते कायमचीच. तवा हे जे सांगून राहिली ते गावगप्पा नाही, एकाच घरात राहून डोळ्यानं पाह्यलेलं हाय. यातलं काही माह्याही हातून झालेलं हाय. ते लपवनार नाही.

तो काळ कापसाचा. परमुलखात कुठीतरी लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला, अन् आमच्या कापसाले असा भाव चढला का मानसं येडी झाली. वांगे उपटून कपाशी, मिरच्या उपटून कपाशी, घरामांगच्या परसातही कपाशी. अमरावतीच्या रस्त्यानं गाड्यायची रांग दिवसभर सरे ना. बैलायच्या गळ्यात नवे घुंगरं, मानसायच्या डोक्यावर नवे पटके. सारं गाव हसून राह्यलं होतं, अन् आमच्या घरात मातर सुतक पडल्यावानी झालं होतं. त्याच साली नत्थुजी किरिस्ताव झाला.

झालं असं, का तो अमरावतीच्या बाजारात भाजी विकायले जाय. तठी एक गोरा पाद्री उभा राहून पुस्तकं वाटे. लोकं पुस्तक घेत अन् त्याच्यात तंबाखू बांधत. आमच्या नत्थुजीले अक्षरं येत होती, हाच घात झाला. लहानपनी गावच्या पंतोजीच्या घरी भाजी पोचवाले जाय अन् वट्ट्यावर बसून धुळाक्षरं गिरवे. बाप म्हने, माळ्याच्या पोराले अक्षरं कायले पायजे? बाप काही खोटा नव्हता.

पातळसं पुस्तक होतं. बोट ठिवून ठिवून सारा हिवाळा वाचलं त्यानं. एक दिवस मले म्हने, "बाई, याच्यात एक मेंढपाळ हाय. शंभरातली एक मेंढी हरपली, तं बाकीच्या टेकडीवर सोडून तो तिच्यामांगं जाते."

म्या म्हनलं, "असा मेंढपाळ आपल्या गावात असता तं मालकानं त्याले झोडपला असता."

तो हसला नाही. होळी झाल्यावर अमरावतीले गेला, पाद्र्याच्या हातून डोक्यावर पानी घेऊन आला, शेंडी कापून आला. अन् पाद्र्याची गंमत पाहा, बापा! दोन महिन्यात तो बिमार पडला अन् गेला जहाजात बसून आपल्या मुलखाले. माह्या भावाले पान्यात उतरवलं अन् आपन काठावरून निघून गेला.

त्याची बायको जमुना. अकोल्याची, मोर्णेपल्याडच्या जुन्या शहरातली. तिचा बाप पंजाबराव देवळायले फुलं पुरवे. वीस वरसाची पोरगी, हाताची चपळ, तोंडाची गोड, अन् त्या दोघायचं इतकं जमे का मलेच कधी कधी आग लागे. आमच्या इहिरीजवळ तिनं शेवंतीचा वाफा लावला होता. मोटेचं पानी आधी त्या वाफ्याले गेलं पायजे, असा तिचा हट्ट, अन् नत्थुजी तो पुरवे.

खबर अकोल्याले पोचली तशी पंजाबराव गाडी घेऊन आला. उंबऱ्याच्या आत पाय ठिवला नाही त्यानं. जमुना दाराची चौकट धरून उभी होती. नत्थुजीले म्हने, "तुमी एक डाव नदीत डुबकी मारा. पंचायच्या पुढे म्हना, चुकलो. मी कुठीच नाही जात."

"चुकलो नाही तं चुकलो कसं म्हनू, जमुने?"

"माह्यासाठी म्हना."

त्यानं नाही म्हून मान हालवली. ते गाडीत बसली. गाडी वळनावर गेली तरी मांगं पाहत होती, ते मले आजही दिसते.

मी घर सोडलं नाही. पन जात सोडायची हिंमत नव्हती, म्हून त्याच घरात दुसरी चूल मांडली. माही भाकर माह्या चुलीवर. त्याची भाकरही माह्याच चुलीवर, फक्त त्याच्या ताटात मी वरूनच टाको. तो म्हने, "बाई, कुत्र्याले टाकते तशी टाकतं का वो?" म्या म्हनो, "कुत्र्यानं शेंडी कापली नाही."

अन् रोज फाटेस, मोट जोडायच्या आधी, इहिरीजवळ पोतं आथरून तो गुडघ्यावर बसे. पुस्तकातलं काहीबाही म्हने, अन् मंग मोठ्यानं, मले चुलीपाशी आयकू येईन असं: "बापा, जमुनेले परत आन." एवढंच. एक दिवस खाडा नाही. पानी पडो, थंडी पडो, ताप असो. मी चूल फुकता फुकता आयको अन् मनात म्हनो, आयक रे बाबा कोन असशीन तो, याचं आयक, म्हंजे माह्या घरातले हे हाल सरतीन.

वरीस गेलं. कोनी आलं नाही. देवाची फुलं इकायची नाही म्हून त्यानं झेंडू बंद केला, अन् शेवंती फुलली तं ते कोनी त्याच्या हातून घेईना. वाफ्यातच सुके. तरी पानी आधी त्या वाफ्याले.

दुसऱ्या वरसाच्या दिवाळीनंतर जमुना आली. वो माय, मले वाटलं आयकलं कोनीतरी! कापूस पोचवून येनाऱ्या गाडीवर तिचा भाऊ देवीदास अन् ते, दोघं. मी धावतच गेली. नत्थुजी मोट सोडून आला, चिखलाचे पाय घेऊन. पन ते आत आली नाही. इहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पानी पडते तठी, बसली, शेवंतीच्या वाफ्याकडे पाह्यलं, अन् म्हने, "मी काडी मांगाले आली."

आता तुमच्यातल्या लहान लेकरायले हे ठाऊक नसंन म्हून सांगतो. आमच्या जातीत नवरा-बायकोचं फाटलं तं पंच बसतेत. नवरा गवताची काडी घेते, सगळ्यायच्या पुढे मोडते अन् खाली ठिवते. झालं, बाई मोकळी. मंग तिले दुसऱ्याच्या घरी पाट लावता येते. पन काडी नवऱ्याच्याच हातानं मोडली पायजे. तो बाटलेला असो का येडा असो, जिता हाय तोवर त्याचाच हात लागते. त्यानं नाही मोडली तं बाई ना सवाशीन ना रांड, नुसती बापाच्या उंबऱ्यावर बसलेली.

जमुनेनं सारं नीट सांगतलं. बाळापूरकडचा जानराव म्हून एक माळी, बायको बाळंतपनात गेली, दोन लहान लेकरं. मानूस बरा होता. जमुनेशी पाट लावाले तयार होता, काडी मोडली का दुसऱ्या दिवशी.

"तुमच्यावर माहा राग नाही," ते म्हने. "पन मी बावीस वरसाची झाली. मले लेकरू पायजे. भावाच्या घरी किती दिवस कोपऱ्यात बसू?"

नत्थुजी घरात गेला अन् ते पातळ पुस्तक घेऊन आला. एका ओळीवर बोट ठिवलं. देवानं बांधलेली गाठ मानसानं सोडायची नाही, असं काहीसं होतं तठी. वाचून दाखोलं, अन् वाचता वाचताच रडला. म्हने, "जमुने, तू मले जीव मांग. हे नको मांगू. मी रोज तुह्यासाठी बसतो. तो आयकन."

माह्याकडे पाह्यलं तिनं. बाईनं बाईकडे पाहावं तसं. अन् आता सांगतो मी काय केलं ते. म्या नत्थुजीच्या कानाशी लागून म्हनलं, "मोडू नको. पोरगी अजून गुंतली हाय तुह्यात, नाही तं एवढ्या लांब कायले आली असती? दम धर, येईन." मले घरात मानूस पायजे होतं. मले माह्या भावाचं हसू पायजे होतं. जमुनेले काय पायजे होतं ते तिनं आताच सांगतलं होतं, अन् ते म्या कानाआड केलं.

गाडी गेली. त्या डाव तिनं मांगं पाह्यलं नाही.

पंचायचे निरोप दोन डाव आले. दोन्ही डाव त्यानं नाही म्हनून सांगतलं. तसा नत्थुजी काही दगड नव्हता. नागपूरच्या पाद्र्यायले चिठ्ठी लिहून एका गाडीवाल्याच्या हाती देली, का अशा येळेस काय करावं. जवाब आला नाही. चिठ्ठी पोचली का गाडीवाल्यानं चिलीम पेटोली, कोन जाने. अमरावतीच्या छावनीत एक मद्राशी बबर्ची किरिस्ताव होता, त्याच्याकडे इतवारी चालत जाय. त्याच्यापाशी मोठं जाड पुस्तक होतं, पन सारं मद्राशी अक्षरात. दोघंही ते उघडून बसत. एकाले समजे पन सांगता येईना, दुसऱ्याले आयकाले कान पन भाषा नाही. हसाले येते आता. तवाही आलं होतं, रडूही आलं होतं.

तिसऱ्या वरसी खबर आली का जानराव वाट पाहून थकला. दुसरीकडे पाट लावला त्यानं. लेकरायले माय पायजे होती, तो तरी किती थांबंन? नत्थुजीले म्या ही खबर सांगतली तं त्याच्या तोंडावर उजेड आला. मेल्याच्या तोंडावर उजेड आला! म्हने, "पाह्यलं बाई? तो वाट मोकळी करून राह्यला. आता ते येईन."

म्या म्हनलं, "येईन." पन माह्या कानावर दुसरंच येत होतं. अकोल्याहून येनारे गाडीवाले सांगत, का जमुना दिवसभर रेच्यावर बसून कापसातली सरकी काढते, भावजय बोल बोल बोलते, सवाशिनीच्या हळदी-कुंकवाले तिले कोनी बलावत नाही अन् रांडायच्या पंगतीलेही बसू देत नाही. हे मी नत्थुजीले सांगतलं नाही. सांगतलं असतं तं? आता काय.

फाटेस पोतं, गुडघे, अन् "बापा, जमुनेले परत आन." आता त्याचा आवाज बसला होता. दाढी पांढरी व्हाले लागली होती, तीस वरसाचा नव्हता झाला तरी. एक डाव म्या चिडून चुलीतलं लाकूड फेकलं अन् म्हनलं, "बह्यरा हाय का रे तुहा देव? तीन वरसं एका मानसानं एक गोष्ट मांगितली तं पाटलालेही लाज वाटती!"

तो म्हने, "मलेही तेच वाटते, बाई. कधी कधी वाटते, इहिरीत बोलून राह्यलो, अन् आवाज माहाच परत येऊन राह्यला."

पह्यल्यांदा बोल्ला तो असं. मी घाबरली. शिव्या देनं माहं काम होतं, त्यानं त्याले हो म्हनावं असं मले कधीच वाटलं नव्हतं.

चौथ्या वरसी परमुलखातली लढाई सरली. कापसाचा भाव असा पडला का पटकेवाले तोंड लपवून फिराले लागले. अन् त्याच हिवाळ्यात पाद्री परत आला. केस पांढरे फटक, हातात काठी. नत्थुजीनं आयकलं तसा मले घेऊन निंघाला. म्या म्हनलं मी कायले? तं म्हने, तू साक्षी हायेस.

छावनीजवळ झाडाखाली पाद्री खुर्चीवर बसला होता. नत्थुजी त्याच्या पायाशी बसला अन् सारं सांगतलं. अन् कसं सांगतलं म्हनता? छाती काढून. म्हने, "साहेब, सारी जात उलटली, बायको सोता दारात येऊन मांगून गेली, पन म्या काडी मोडली नाही. तुमी गेल्यावर एकटाच होतो, पन देवाची गाठ सोडली नाही."

पाद्र्यानं चष्मा काढला. लय येळ पुसत राह्यला. मंग पुस्तकी मराठीत म्हने, "नत्थुजी, मी तुला कोणते पुस्तक दिले होते?"

नत्थुजीनं कमरेचं पातळ पुस्तक काढून दाखोलं. घामानं काळं पडलं होतं.

"हा तर मोठ्या ग्रंथाचा एक भाग," पाद्री म्हने. "बाकीचे मी तुला देणार होतो. आजारी पडलो." त्यानं झोळीतून जाड पुस्तक काढलं, पानं उलटली, अन् एक जागा दाखोली. आपल्या धरमातली नसलेली बायको जर आपखुशीनं सोडून जात असंन, तं तिले जाऊ द्यावं, अशा गोष्टीत भाऊ बांधलेला नाही. असं लिहिलेलं होतं तठी. एका जुन्या शिष्यानं लिहिलेल्या चिठ्ठीत.

नत्थुजीनं बोट ठिवून वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. मंग म्हने, "हे पयलेपासून होतं?"

"होय," पाद्री म्हने.

"मी रोज मांगत होतो, तवाही होतं?"

पाद्र्याच्या डोळ्यातून पानी आलं, पन माह्यानं राहवलं नाही. म्या पदर सावरला नाही का काही नाही, सरळ म्हनलं, "साहेब, एक पान तुमच्या झोळीत राह्यलं, अन् तठी अकोल्याले एक पोरगी वाळून गेली. तुमच्या देवाले एवढंही धाडता आलं नाही का चार वरसात?" तो गोरा मानूस माह्यापुढे मान खाली घालून बसला.

तिसऱ्या दिवशी आमी गाडी जोडून अकोल्याले निंघालो. मोर्णा उतरून जुन्या शहरात गेलो, गल्लीतल्या मारुतीच्या पारावर पंच बसले. नत्थुजी खाली, दूर बसला, बाटलेला म्हून. पंजाबराव म्हातारा झाला होता. देवीदास उभा होता. जमुना आली.

म्या तिले वळखलं नाही. खरं सांगतो. हाडं वर आलेली, केसात सरकीची लव चिकटलेली, बोटं रेच्यानं सोलून निंघालेली. चोवीस वरसाची बाई चाळिशीची दिसून राह्यली होती. नत्थुजीनं एक डाव पाह्यलं अन् तोंड फिरवलं.

पंचायनं काडी देली. त्यानं ते दोन्ही हातात धरली. दोन वरसं जे मोडलं नाही ते मोडाले किती येळ लागंन? टच्. एवढा आवाज. दोन तुकडे मातीत ठिवले त्यानं.

लगनापासून जमुना त्याले 'तुमी' म्हने. आता उठून त्याच्यापुढे आली अन् म्हने, "आता कायले मोडली तू? जानराव गेला. माहा विटाळ आता येळेवर येत नाही, वैदू म्हनते लेकरू होनार नाही. आता मोकळी होऊन कुठी जाऊ?"

नत्थुजी हात जोडून बसला होता.

"तू म्हने रोज तुह्या देवाले मले मांगत होता," जमुना म्हने. "मी दर मंगळवारी देवीची ओटी भरे. म्हनो, माय, याच्या हातून काडी मोडव. दोन वरसं. तुहंही कोनी आयकलं नाही, अन् माहंही नाही."

अन् ते घरात गेली. रेचा कुरकुराले लागला ते पारावर आयकू आलं.

परतीच्या वाटेत बैलं आपल्या मनानं चालत होते. दुपारी एका निंबाखाली थांबलो. नत्थुजीनं पोतं काढलं, जमिनीवर आथरलं अन् गुडघे टेकले. मले असा संताप आला का काय सांगू! म्या पोतं ओढलं त्याच्या खालून. "अजून? अजून बसते मेल्या? आता काय मांगतो त्याले?"

"काही नाही मांगत."

"मंग उठ!"

त्यानं माह्याकडे पाह्यलं. तसा चेहरा देवानं वैऱ्यालेही दाखवू नये. म्हने, "बाई, तो हाय असं मले आता दिसत नाही, आयकू येत नाही, काहीच नाही. पन तो नसंन, तं मंग जमुनेले म्या कोनासाठी वाळोलं? सांग नं. कोनासाठी?"

म्या पोतं परत आथरून देलं.

त्यानंतर तो लय वरसं जगला. पाद्र्यानं जाड पुस्तक देलं होतं, ते त्यानं पुरतं वाचलं. पह्यल्या पानापासून शेवटच्या पानापरीन. मीच एक डाव इच्यारलं, आता कायले? तं म्हने, अजून काही राह्यलं असंन तं. फाटेस इहिरीजवळ बसनं सुटलं नाही. फक्त पयले जठी 'जमुनेले परत आन' म्हने, तठी आता गप राहे. तेवढा येळ नुसता पोहऱ्याचा दोर हाललेला आयकू येई. मंग पुढचं म्हने.

एक दिवस त्या गप जागेत माह्याच तोंडून निंघून गेलं, चुलीपासून: "तिले सुखी ठेव रे बापा." माहा ना धरम, ना काही. नत्थुजीनं मांगं वळून पाह्यलं नाही. पन दुसऱ्या दिवशी त्या जागेवर आला तं थांबला, माही वाट पाहत. म्हून म्या पुन्हा म्हनलं. मंग रोजच म्हनाले लागली.

अकोल्याहून गाडीवाले येत. मी इच्यारो. ते सांगत, जमुना अजून तठीच हाय, भावाच्या घरी, रेच्यावर. दर साली तेच. ज्या साली रेचा बंद झाला म्हून सांगतलं, तवा म्या आनंदानं इच्यारलं, "काहून? कोनाच्या घरी गेली का?" गाडीवाला म्हने, "नाही वो माय. मेली."

दुसऱ्या दिवशी फाटेस नत्थुजी पोत्यावर बसला. म्हनत म्हनत त्या जागेवर आला अन् थांबला. मी चुलीपाशी बसली होती. आता काय म्हनावं ते मले सुचे ना. तोही पुढचं म्हने ना. सूर्य वर आला, बैलं हंबराले लागले, तरी आमी दोघं तसेच बसून होतो.